आश्रिताचे ऋण

गेल्या वर्षी आमच्या देवस्थानाच्या अग्रशाळेत समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. अशा समारंभास अध्यक्ष म्हणून एखादा वकील, डॉक्टर किंवा निवृत्त मुख्याध्यापक बोलवावयाचा आणि त्याने मुलांना उपदेशाचे चार शब्द सांगावयाचे, हा प्रघात जुना आहे. त्या दिवशी हे काम आमच्या वाट्यास आले. आम्ही मुलांना व्हिएतनाम आणि लाओस या देशांतून परागंदा होऊन अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांची हकीकत सांगितली. अंगावरच्या वस्त्रांनिशी गेलेली ही माणसे. भाषा परकी, अन्न परके, हवा परकी. आणि तरी तीनचार वर्षांच्या आत त्यांची मुले शाळेत वरच्या श्रेणीत झळकू लागली. 'तुम्हांला तर घर आहे, भाषा आहे, आईबाप जवळ आहेत. मग तुम्हांस काय कठीण?' असा आम्ही समारोप केला. टाळ्या पडल्या.

नंतर पंगतीत आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हळूच विचारले, "वकीलबाब, आनी जांचीं भुरगीं नापास जालीं, तांकां परत धाडपाचें?" आम्ही हसून वेळ मारून नेली. या गृहस्थांचा नातू त्या वर्षी बारावीस नापास झाला होता आणि त्या क्षणी आमच्याच पंगतीत भात वाढीत होता, हे आम्हांस मागाहून कळले. न्यायालयात प्रतिपक्षाने असा प्रश्न टाकला असता तर आम्ही तयारीसाठी तारीख मागून घेतली असती. येथेही आम्ही वर्षभर तारीख लांबविली असेच म्हणावयाचे. आता उत्तर देणे प्राप्त आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि दक्षिण व्हिएतनामचे राज्य संपले. त्या वर्षी सुमारे १,३०,००० माणसे अमेरिकेत नेण्यात आली. त्यांत लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, अमेरिकनांच्या कचेऱ्यांत काम केलेले लोक पुष्कळ होते. म्हणजे शिकलेल्यांचे प्रमाण मोठे होते. १९७८ पासून जी दुसरी लाट आली ती निराळी. कोळी, शेतकरी, छोटे दुकानदार, चिनी वंशाचे व्यापारी अशा कुटुंबांनी मिळेल त्या मचव्यात बसून समुद्राचा मार्ग धरला. थायलंडच्या आखातात चाच्यांनी त्यांना लुटले, स्त्रियांची विटंबना केली. कित्येक मचवे बुडाले; कित्येकांना शेजारच्या देशांनी किनाऱ्यावरून पुन्हा समुद्रात लोटले. मलेशियाच्या किनाऱ्याजवळील बिडाँग नावाच्या लहानशा बेटावर १९७९ च्या मध्यास सुमारे ४०,००० माणसे दाटीवाटीने राहत होती. त्या वर्षी जुलैमध्ये जिनीव्हा येथे राष्ट्रांची परिषद भरली आणि अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स इत्यादी देशांनी अधिक माणसे घेण्याचे मान्य केले.

कंबोडियाची कथा याहून भीषण आहे. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या पावणेचार वर्षांत ख्मेर रूज राजवटीखाली पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगराईने आणि कत्तलीने मेली. शिक्षक, डॉक्टर, भिक्षू, फार काय लिहितावाचता येणारा मनुष्य, हेच त्या राजवटीच्या दृष्टीने संशयित होते. आणि लाओसच्या डोंगरांत राहणारे ह्मोंग लोक? १९६० नंतरच्या वर्षांत अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने त्यांच्या तरुणांची फौज उभारून त्यांना आपल्या युद्धात लढविले. १९७५ साली अमेरिकन निघून गेले आणि ह्मोंग कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत येऊन पडली. या तिन्ही देशांतून १९७५ नंतर दहा लाखांहून अधिक माणसे एकट्या अमेरिकेत वसली.

या लोकांच्या मुलांविषयी आम्ही जे बोललो ते पोकळ नव्हते. मिशिगन विद्यापीठातील नाथन कॅपलन, जॉन व्हिटमोर आणि मार्सेला चॉय या तिघा अभ्यासकांनी दुसऱ्या लाटेतील कुटुंबांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ ते १९९२ या काळात पुस्तकरूपाने व लेखरूपाने प्रसिद्ध केले. पाच शहरी विभागांतील २०० कुटुंबे आणि त्यांतील शाळेत जाणारी ५३६ मुले त्यांनी तपासली. ही कुटुंबे अमेरिकेत येऊन सरासरी साडेतीन वर्षे झाली होती. मुलांच्या शाळा गरीब वस्तीतल्या होत्या. त्या शाळांचा लौकिक काही मोठा नव्हता. तरीसुद्धा २७ टक्के मुलांची सरासरी पहिल्या श्रेणीची होती आणि ५२ टक्के मुलांची दुसऱ्या श्रेणीची. गणितात तर ती विशेषच पुढे होती. इंग्रजी भाषेच्या परीक्षेत तेवढी मागे पडत. पण दोनतीन वर्षांपूर्वी जी भाषा कानावर पडली नव्हती तीत मागे पडणे हा काही दोष नव्हे.

कारण काय? अभ्यासकांनी या घरांत जे पाहिले ते येथे थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. रात्रीचे जेवण आटोपले की मेज पुसून स्वच्छ करावयाचे आणि त्याच मेजाभोवती सारी भावंडे अभ्यासास बसावयाची. वरच्या वर्गातली मुले रोज तीन तासांहून थोडा अधिक वेळ आणि अगदी लहान वर्गातली दोन तासांहून थोडा अधिक वेळ अशी बसत. त्यांच्या अमेरिकन सोबत्यांचा अभ्यास साधारण दीड तासाचा. आईबापांना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे ते शिकवू शकत नव्हते. मग थोरल्याने धाकट्याला शिकवावयाचे आणि शिकवता शिकवता स्वतःचेही पक्के करावयाचे. इतरत्र घरात मुले अधिक असली की मुलांचे गुण उतरतात असा अनुभव असता, या घरांत तसे घडले नाही. जेथे आईबाप मुलांना मोठ्याने वाचून दाखवीत तेथील मुलांचे गुण अधिक असत. आणि ते वाचन इंग्रजीत होते की आपल्या भाषेत, याने काही अंतर पडत नव्हते. भाषा कोणतीही असो, आईचा आवाज आणि पुस्तक ही दोन एकत्र आली की मूल शिकते, असाच याचा अर्थ. दिवेलागणीस देवापुढे बसून पाढे आणि परवचा म्हटलेल्या आमच्या पिढीस हे निराळे समजावून देण्याची गरज नाही.

आणखी दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. आपले कुलाचार, आपला भूतकाळ आणि वडिलधाऱ्यांचा मान ज्या घरांनी जपला, त्यांतील मुले नव्या देशात अधिक चांगली निघाली. हे ऐकून आमचे वाचक संतोष पावतील. परंतु त्याच पाहणीत असेही दिसले की, ज्या घरांत पत्नीने पतीचा शब्द मुकाट्याने झेलावा अशी समजूत नव्हती आणि ज्या घरांत मुलग्यांनाही घरकामास हात लावावा लागे, तेथील मुलांचे गुण अधिक होते. परंपरेच्या कोणत्या भागाने मेज मांडले आणि कोणता भाग त्या मेजाखाली सोडून द्यावा लागला, हे पाहिल्यावाचून परंपरेचा जयजयकार करणे बरे नव्हे.

येथवर सर्व ठीक. ज्या मुलांनी हे केले त्यांच्या कष्टांस आणि त्यांच्या आईबापांच्या धीरास आम्ही आजही नमस्कार करतो. प्रश्न त्यापुढचा आहे. या हकीकतीतून लोक सामान्यतः दोन सिद्धान्त काढतात. पहिला असा की, जो झटतो तो वर येतो. सबब जो वर आला नाही तो झटला नाही. दुसरा असा की, अशा लोकांस आश्रय देणे हे फायद्याचे आहे. त्यांनी आश्रयाची किंमत भरून दिली. आमच्या भाषणात हे दोन्ही सिद्धान्त उघड शब्दांत नव्हते, पण दोन्हींचा वास त्यास होता. वृद्ध गृहस्थांनी तो बरोबर ओळखला.

पहिल्या सिद्धान्ताची तपासणी करू. मिशिगनच्या पाहणीत व्हिएतनामी, चिनी वंशाची व्हिएतनामी आणि लाओ कुटुंबे होती. कंबोडियन आणि ह्मोंग कुटुंबे नव्हती. या दोन समाजांचे चित्र पाहावयाचे तर अमेरिकेची सन २००० ची जनगणना पाहावी. पंचविशी ओलांडलेल्या कंबोडियन आणि ह्मोंग लोकांपैकी निम्म्याहून अधिक लोक तेथील शालान्त टप्पाही पार करू शकलेले नव्हते. हे लोक आळशी होते काय? ह्मोंग भाषेस आज सर्वत्र चालणारी रोमन लिपी १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत मिशनऱ्यांनी बसविली. डोंगरउतारावर भात पिकविणाऱ्या या माणसांपैकी बहुतेकांनी शाळाच पाहिली नव्हती. कंबोडियात, ज्याने मुलांपुढे पुस्तक उघडून बसावयाचे तोच नेमका मारला गेला होता. बाप गेलेला, आई रात्री किंचाळत उठणारी, वस्ती गुंडांची. अशा घरात मेज पुसून ठेवले तरी त्याभोवती बसणार कोण?

कष्टास फळ असते हे खरे. परंतु कष्ट करता येणे हीसुद्धा एक मिळकत आहे आणि ती सर्वांस सारखी वाटून आलेली नसते. व्हिएतनामी मुलाच्या मागे जी अध्ययनाची पिढीजात प्रतिष्ठा उभी होती ती त्याने स्वतः मिळविलेली नव्हती. वारसा म्हणून त्याच्याकडे आली होती. वारशाने आलेले धन चांगल्या कामी लावणाऱ्याची स्तुती करावी. ज्यास वारसाच मिळाला नाही त्यास उधळ्या ठरवू नये. दिवाणी न्यायालयात कोणी असा युक्तिवाद केला तर न्यायाधीश त्यास खाली बसावयास सांगतील. व्यासपीठावर मात्र आपण तो बिनदिक्कत करतो.

आता दुसरा सिद्धान्त, आणि हाच अधिक घातक आहे. आश्रय हा एक व्यवहार आहे, आश्रिताच्या डोक्यावर त्याचे कर्ज असते आणि मुलांचे यश ही त्या कर्जाची परतफेड होय, असे तो सांगतो. आम्ही कायद्याचे माणूस असल्यामुळे व्यवहाराच्या भाषेत बोलतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे पंचविसावे कलम असे की, मोबदल्यावाचून केलेला करार, काही अपवाद वगळता, रद्दबातल होय. याच कायद्याचे सत्तरावे कलम म्हणते की, एकाने दुसऱ्यासाठी फुकट करण्याचा हेतू न ठेवता काही कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई केली पाहिजे. उलटपक्षी, जे मुळात फुकट म्हणून केले त्याची भरपाई मागता येत नाही. तेव्हा बुडत्या मचव्यातील माणसास हात देणारा हेतू काय धरतो, हा प्रश्न आला. 'तुझा मुलगा पुढे अभियंता होईल' या भरवशावर जो हात देतो तो आश्रयदाता नव्हे, गुंतवणूकदार आहे. गुंतवणूक बुडाली तर ती काढून घेण्याचा विचारही त्याच्या मनात क्रमाने येणारच.

हे केवळ तर्काचे नाही. तसे घडलेही आहे. १९९६ साली अमेरिकेत कायदे कडक झाले. नागरिकत्व न घेतलेल्या माणसाने ठराविक गुन्हे केले असतील तर शिक्षा भोगून झाल्यावरही त्यास देशाबाहेर घालविण्याची तरतूद विस्तारली. २००२ साली अमेरिका व कंबोडिया यांच्यात अशी माणसे परत घेण्याविषयी करार झाला. त्यान्वये जे पाठविले गेले त्यांत तान्हेपणी अमेरिकेत आलेले होते. थायलंडच्या छावणीत जन्मलेले, म्हणजे कंबोडियाची भूमी कधी पायाखाली न आलेलेही होते. गरीब वस्तीत वाढले, तरुणपणी टोळ्यांत सापडले, गुन्हा केला, तुरुंगात गेले, सुटले, काहींनी संसार मांडले. आणि मग त्यांना ज्या देशाची भाषाही धड बोलता येत नव्हती त्या देशात उतरविण्यात आले. गुन्ह्यास शिक्षा असावी, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु त्याच गल्लीतल्या अमेरिकन मुलाने तोच गुन्हा केला तर त्यास एक शिक्षा, आणि आश्रिताच्या मुलास दोन. पंगतीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने असे देऊन ठेवले होते: होय, नापास झालेल्यांस परत धाडले.

आणि कर्जाचाच हिशेब मांडावयाचा तर तो दोन्ही बाजूंनी मांडावा लागेल. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकन विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. ज्या ह्मोंग फौजेस अमेरिकेने पगार देऊन लढविले, तिच्या विधवा आणि पोरकी मुले पुढे अमेरिकेच्या मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया प्रांतांत आली. या व्यवहारात ऋणको कोण आणि धनको कोण? ज्याने घर जाळण्यास हातभार लावला त्याने जळितग्रस्तास ओसरी दिली, तर त्या ओसरीचे भाडे मुलांच्या गुणपत्रिकेतून वसूल करण्याचा अधिकार त्यास पोहोचत नाही.

या बाबतीत १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आमच्या व्यासपीठावरील भाषणापेक्षा अधिक शहाणा आहे. निर्वासित कोण, हे ठरविताना तो करार एकच विचारतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सकारण भीती या माणसास आहे काय? त्याच्या अंगी काय गुण आहेत, त्याची मुले हुशार आहेत काय, हे तो विचारीत नाही. अमेरिकेने १९८० च्या आपल्या कायद्यात हीच व्याख्या घेतली. आमच्या देशाने या करारावर सही केलेली नाही. परंतु १९९६ साली अरुणाचलातील चकमा लोकांच्या प्रकरणात आमच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जीविताचे संरक्षण केवळ नागरिकास नव्हे, प्रत्येक व्यक्तीस आहे. दोन्ही ठिकाणी कायद्याची नजर मागे वळलेली आहे. 'तुझ्यावर काय ओढवले' हे तो पाहतो, 'तू पुढे काय होशील' हे पाहत नाही. आश्रयाचे पुण्य, पुण्य हा शब्द वापरावयाचा तर, याच आंधळेपणात आहे.

येथवर बाहेरचा हिशेब झाला. घराच्या आतही एक हिशेब चालू असतो आणि तो अधिक नाजूक आहे. 'आम्ही तुमच्यासाठी समुद्र ओलांडला' हे वाक्य आईबापांनी उच्चारले नाही तरी मुलांस ऐकू येते. २०१६ साली पुलित्झर पारितोषिक मिळालेले कादंबरीकार व्हिएत थान्ह न्वेन १९७५ साली चार वर्षांचे असताना अमेरिकेत आले. छावणीतून बाहेर पडण्यास जामीनदार कुटुंब लागे. आणि चौघांस एकत्र घेणारे कोणी न मिळाल्यामुळे आईबाप एकीकडे, दहा वर्षांचा भाऊ दुसरीकडे आणि हा चार वर्षांचा मुलगा तिसरीकडे, अशी काही काळ वाटणी झाली. पुढे आईबापांनी सॅन होजे शहरात किराणा दुकान काढले आणि ते पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यात राबले. मुलगे शिकले; थोरला डॉक्टर झाला, धाकटा प्राध्यापक व लेखक. जगाच्या दृष्टीने हे निर्भेळ यश. पण आईबापांपासून तुटलेल्या त्या चार वर्षांच्या मुलाची आठवण या लेखकाने आपल्या लिखाणात पुनःपुन्हा काढली आहे. पारितोषिकाने ती पुसली गेली नाही.

जेनिफर ली आणि मिन झोऊ या दोन समाजशास्त्रज्ञ बाईंनी लॉस एंजेलिस भागातील चिनी व व्हिएतनामी कुटुंबांच्या मुलांचा अभ्यास करून २०१५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, या समाजांत यशाची चौकट फार अरुंद असते: वरची श्रेणी, नामांकित विद्यापीठ आणि मग वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी किंवा विज्ञान. जो या चौकटीत बसला नाही तो आपल्या आईबापांपेक्षा कितीतरी अधिक शिकला असला तरी स्वतःस अपयशी मानतो आणि कित्येकदा आपल्या समाजापासूनच दूर जातो. दुकानदाराचा मुलगा शिक्षक झाला, तर जगाच्या हिशेबी तो वर चढला. घराच्या हिशेबी तो कर्जबुडव्या. आमच्या वाचकांपैकी किती जणांच्या घरी, समुद्र न ओलांडताही, हीच वही उघडलेली आहे, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

मग मुलांवर ऋण नाहीच काय? आहे, असे आमचे शास्त्र सांगते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे आणि ती कशी फेडावयाची हेही सांगितले आहे: ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. या व्यवस्थेतील मर्म आम्हांस वकिली नजरेने फार उशिरा दिसले. सावकाराचे ऋण ज्याच्याकडून घेतले त्यासच परत करावयाचे असते. पितरांचे ऋण पितरांस परत करता येत नाही. ते पुढच्या पिढीस द्यावे लागते. ऋषींनी दिलेली विद्या ऋषींकडे परत जात नाही. ती शिकून पुढे चालू ठेवावी लागते. म्हणजे ज्यास आपण ऋण म्हणतो त्याचा प्रवाह उतरता आहे, डोंगरावरच्या पाटाप्रमाणे. वरून आलेले पाणी खालच्या शेतास सोडले म्हणजे आपण मोकळे. वरच्या धन्याकडे ते उलटे चढवीत बसण्याची सोयही नाही आणि अपेक्षाही नाही.

या दृष्टीने पाहिले म्हणजे त्या मेजाचा खरा अर्थ कळतो. मेजाभोवती बसलेला थोरला भाऊ आईबापांचे कर्ज फेडीत नव्हता, अमेरिकेचे तर नव्हेच. तो धाकट्यास शिकवीत होता. ऋण त्याच क्षणी, त्याच मेजावर फिटत होते. पुढे गुणपत्रिकेत कोणती श्रेणी आली हा त्यामागून आलेला जमाखर्च. आणि धाकटा नापास झाला असता तरी थोरल्याचे ते फेडणे खोटे ठरले नसते.

याची साक्ष अलीकडच्या एका घटनेत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले आणि विमानतळावरील गर्दीची चित्रे जगाने पाहिली, तेव्हा अमेरिकेतील कित्येक व्हिएतनामी कुटुंबांस ४६ वर्षांपूर्वीचे सायगाव आठवले. त्यांच्यापैकी काही जण पुढे आले आणि अफगाण निर्वासितांचे जामीनदार होऊन त्यांना घर, भांडी, शाळा मिळवून देण्याच्या कामास लागले. त्यांनी त्या अफगाणांस 'तुमची मुले गणितात कशी आहेत?' असे विचारले असेल असे आम्हांस वाटत नाही.

आम्ही ज्या देवस्थानाच्या अग्रशाळेत हे भाषण केले, त्या भूमीसही ही गोष्ट अपरिचित नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा ही दैवते पोर्तुगीज अंमलाखालच्या गावांतून नदी ओलांडून अंत्रूज महालात आणली गेली. अंत्रूजवर त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीचा अंमल होता. आमच्या पूर्वजांबरोबर आमची दैवतेही एकदा निर्वासित होती, आणि ज्या राज्यात त्यांना थारा मिळाला त्याचा धर्म निराळा होता. या जागी पुढे केवढी देवालये उभी राहतील, त्यांच्या महाजनांची मुले कोठे कोठे नाव काढतील, हे त्या वेळी कोणास ठाऊक होते? मूर्ती नदीपार आली त्या रात्री तिला छप्पर मिळाले, ते ती पुढे जागृत दैवत म्हणून गाजेल या हिशेबाने नव्हे. आज त्या देवालयांचे वैभव दाखवून 'पाहा, तो आश्रय सार्थकी लागला' असे कोणी म्हटले, तर आम्ही नम्रपणे सांगू की, आश्रय त्या रात्रीच सार्थकी लागला होता.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांस उदाहरणे द्यावयाचीच नाहीत काय? द्यावीत, पण उदाहरण अर्धे देऊ नये. ज्या मुलांनी मेजाभोवती बसून विद्या मिळविली त्यांची गोष्ट सांगताना, ज्यांना मेजच मिळाले नाही त्यांचीही सांगावी. कष्टांचे कौतुक करावे. कष्टांस फळ आले नाही म्हणून माणसाचा घरातील, समाजातील किंवा देशातील हक्क उणा होत नाही, हेही त्याच श्वासात सांगावे. कृतज्ञता हा मोठा सद्गुण आहे यात शंका नाही. आणि बहुतेक निर्वासित कुटुंबांत ती भरभरून आढळते. परंतु कृतज्ञता देणाऱ्याने मागावयाची नसते. मागून घेतलेली कृतज्ञता म्हणजे वसुली. तिची जागा न्यायालयाच्या बेलिफाजवळ आहे, देवळाच्या सभामंडपात नाही.

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांस आमचे उत्तर, वर्षभराने का होईना, असे आहे: नाही, त्यांस परत धाडावयाचे नाही. ती पास होतील म्हणून त्यांस आत घेतलेलेच नव्हते. आमच्या भाषणात तसे सूचित झाले असेल तर ती आमची चूक आहे आणि ती आम्ही येथे दुरुस्त करून घेतो.

यंदाच्या सत्कारसमारंभापूर्वी आम्ही देवस्थानाच्या कमिटीस एक सूचना केली आहे. सभामंडपाच्या कडेची खोली रोज संध्याकाळी आरतीनंतर दोन तास उघडी ठेवावी, तेथे दोनचार लांब बाके आणि बरे दिवे असावेत, आणि ज्यांच्या घरी बसावयास जागा नाही अशा कोणत्याही मुलाने, मग तो कितवाही आलेला असो, तेथे येऊन बसावे; वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांस सांगावे. कमिटीने ती मान्य केली आहे. खोलीची किल्ली कोणाकडे ठेवावी असा प्रश्न निघाला, तेव्हा आम्ही त्या भात वाढणाऱ्या मुलाचे नाव सुचविले. तो पुन्हा परीक्षेस बसणार आहे. पास होईल की नाही हे आम्हांस विचारू नये. किल्लीचा त्याच्याशी संबंध नाही.